अत्तालोसचे मृत्युपत्र : पर्गमोनचे राज्य नेमके कोणाला मिळाले?

इ.स.पू. १३३ मध्ये पर्गमोनचा राजा तिसरा अत्तालोस निपुत्रिक वारला आणि त्याच्या मृत्युपत्रात वारस म्हणून रोमन जनतेचे नाव निघाले. अलेक्झांडरच्या साम्राज्याच्या पडझडीतून जी ग्रीक राजघराणी उभी राहिली त्यांत अत्तालीद घराणे उशिरा आलेले, पण पैशाने भक्कम होते. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागातली सुपीक खोरी, एजियन समुद्रावरची बंदरे आणि तिथली जकात त्याच्या ताब्यात होती. लढाईत हरल्यामुळे राज्य गेले, भावाभावांत वाटले गेले किंवा जावयाने बळकावले, अशी उदाहरणे त्या काळात हवी तितकी सापडतात. परंतु कोणी वेढा घातलेला नसताना राजाने आपले राज्य परक्या प्रजासत्ताकाच्या नावे लिहून द्यावे आणि ते लेखन खरोखर अमलात यावे, असे याआधी घडले नव्हते.

मराठी वाचकाला येथे सातारा आणि नागपूर आठवणे स्वाभाविक आहे. पण साम्य वारस नसण्यापुरतेच आहे. साताऱ्यात १८४८ मध्ये दत्तक वारस नाकारून राज्य खालसा करणारा बाहेरचा होता. पर्गमोनमध्ये लिहून देणारा स्वतः राजा होता. त्यामुळे या प्रकरणात विचारायचा प्रश्न वेगळा ठरतो. राजाने नेमके काय दिले, ते घेणाऱ्या प्रत्येकाने त्याचा काय अर्थ लावला, आणि धूळ खाली बसल्यावर कोणाच्या हाती काय उरले?

घराणे आणि त्याची तिजोरी

पर्गमोनचा डोंगर काइकोस नदीच्या खोऱ्यात सरळ वर चढतो. अलेक्झांडरचा एक सरदार लिसिमाखोस याने या किल्ल्यावर ९,००० टॅलेंट इतका खजिना ठेवला होता आणि त्याच्या राखणीला फिलेतैरोस नावाचा एक अधिकारी नेमला होता. चांदीच्या हिशेबाने ही रक्कम सुमारे २३० टन भरते. फिलेतैरोस हा काळ्या समुद्राकाठच्या तिएइओन गावचा. लहानपणी एका अंत्ययात्रेच्या गर्दीत दाईच्या कडेवर चेंगरल्यामुळे तो नपुंसक झाला, असे भूगोलकार स्त्राबो सांगतो. इ.स.पू. २८२ च्या सुमारास लिसिमाखोसच्या घरात कलह माजला तेव्हा या खजिनदाराने निष्ठा बदलून अलेक्झांडरचाच दुसरा सरदार सेल्युकस याला जवळ केले. पुढच्याच वर्षी लिसिमाखोस रणात पडला, काही महिन्यांत सेल्युकसचाही खून झाला, आणि ज्याचा पैसा तोही नाही, ज्याला शब्द दिला तोही नाही, अशा स्थितीत किल्ला आणि तिजोरी फिलेतैरोसकडे राहिली. त्याने जवळजवळ वीस वर्षे सांभाळून कारभार केला आणि सत्ता पुतण्याकडे सोपवली.

ही सुरुवात नीट ध्यानात ठेवली पाहिजे. इजिप्तचे टॉलेमी किंवा सिरियाचे सेल्युकीद यांच्यामागे अलेक्झांडरच्या बरोबरीने घोडा दौडवलेला पूर्वज होता. अत्तालीदांच्या मागे एक विश्वासघात आणि एक तिजोरी होती. त्यामुळे त्यांना आपला अधिकार सतत कमवावा लागला. पहिल्या अत्तालोसने केल्टिक वंशाच्या गलातियन टोळ्यांना खंडणी देणे बंद करून त्यांना लढाईत हरवले आणि त्यानंतरच ‘राजा’ ही पदवी घेतली. त्याची राणी अपोलोनिस ही कुझिकोस नगरातल्या सामान्य नागरिकाची मुलगी होती. तिचे चारही मुलगे एकमेकांना धरून राहिले, ही गोष्ट त्या काळच्या राजघराण्यांत इतकी दुर्मीळ होती की तिचा डंका घराण्याने मुद्दाम पिटला.

राज्य खऱ्या अर्थाने मोठे झाले ते मात्र रोममुळे. रोमने सेल्युकीद राजा तिसऱ्या अंतियोकसला मॅग्नेशियाच्या लढाईत हरवले आणि इ.स.पू. १८८ च्या अपामेआच्या तहाने टॉरस पर्वतापर्यंतचा बहुतेक मुलूख पर्गमोनचा तेव्हाचा राजा दुसरा युमेनीस याच्या पदरात टाकला. एका सहीने राज्य कित्येक पटींनी वाढले. जे सहीने मिळते ते सहीने काढूनही घेता येते, हे युमेनीसला वीस वर्षांनी कळले. सिनेटची त्याच्यावर मर्जी खप्पा झाली होती. खुलासा करण्यासाठी तो इटलीच्या किनाऱ्यावर उतरला, तेव्हा यापुढे कोणत्याही राजाने रोमला येऊ नये असा सरसकट ठराव करून त्याला ब्रुन्दिसियम बंदरातूनच परत पाठवण्यात आले. ठरावात त्याचे नाव नव्हते, आणि तशी गरजही नव्हती.

या काळाचे सर्वांत बोलके कागदपत्र म्हणजे युमेनीसचा भाऊ दुसरा अत्तालोस याने पेसिनूसच्या देवळातल्या पुजाऱ्याला लिहिलेले खासगी पत्र. एका मोहिमेचा विचार चालू होता. राजाने आप्तांना आणि सल्लागारांना बोलावले. त्यांपैकी ख्लोरोस नावाच्या गृहस्थाने रोमनांचे नाव पुढे करून, त्यांच्याखेरीज काहीही करू नये, असे जोर देऊन सांगितले. प्रथम थोड्यांनाच ते पटले. पण दिवसामागून दिवस विचार करताना ते म्हणणे मनात अधिकाधिक घर करू लागले, असे राजा लिहितो. कारण यश आले तर मत्सर आणि संशय वाट्याला येणार, जसा ‘माझ्या भावाच्या’ वाट्याला आला, आणि अपयश आले तर नाश ठरलेला. हे पत्र दरबारी घोषणांसाठी लिहिलेले नव्हते, म्हणून ते विश्वासार्ह वाटते. या पत्रानंतर मृत्युपत्राचे आश्चर्य पुष्कळ कमी होते. ज्या घरात साधी मोहीमही रोमला विचारून काढायची ठरते, त्या घरातल्या शेवटच्या माणसाने वारसाच्या रकान्यात रोम लिहिले, हा त्या सवयीचाच पुढचा टप्पा होता.

शेवटचा राजा

तिसऱ्या अत्तालोसबद्दल प्राचीन लेखकांनी चांगले असे फारसे लिहिलेले नाही. त्याने आप्तमित्रांना संशयावरून ठार मारले, मग राज्यकारभार टाकून तो बागेत रमला, खुरासनी ओवा, बचनाग, हेमलॉक अशा विषारी वनस्पती स्वतः लावू लागला आणि त्यांचे रस आपल्या स्नेह्यांना भेट पाठवू लागला. पुढे ब्राँझच्या ओतकामाचा नाद लागला, आणि आईचे थडगे बांधण्याच्या कामावर उभे असताना ऊन लागून सातव्या दिवशी तो गेला, असा वृत्तान्त आहे. ‘फिलोमेतोर’, म्हणजे मातृभक्त, ही त्याची अधिकृत उपाधी होती, हे खरे.

परंतु यातला वेडेपणाचा भाग बाजूला ठेवण्यास आधार आहे. रोमन कृषिलेखक त्याला शेतीवरचा ग्रंथकार म्हणून ओळखतात, आणि पर्गमोनचाच वैद्य गॅलेन त्याच्या औषधांचा आदराने उल्लेख करतो. विषांची परीक्षा हा त्या काळी वैद्यकाचा भाग होता. शिवाय एक शिलालेख असा आहे की ज्यात हा राजा लढाई जिंकून परतल्याबद्दल वैद्यकाचा देव अस्क्लेपिओस याच्या देवळात, शत्रूच्या लुटीवर उभा असलेला, पाच हात उंचीचा त्याचा पुतळा बसवण्याचा ठराव आहे. नगराच्या खुशामतीतून काही वजा केले तरी बागेतून न हलणारा राजा या शिलालेखात बसत नाही.

मग त्याने असे का लिहिले? त्याच्यापूर्वी, इ.स.पू. १५५ मध्ये, उत्तर आफ्रिकेतल्या किरीनीवर राज्य करणाऱ्या आणि पुढे आठवा टॉलेमी म्हणून इजिप्तच्या गादीवर बसलेल्या राजाने भावाकडून आपल्यावर मारेकरी घातले गेल्याचे सांगून असेच मृत्युपत्र केले होते आणि ते दगडावर कोरून घेतले होते: मूल न होता मी मेलो तर राज्य रोमनांचे. तो ढाल म्हणून केलेला कागद होता. मला मारून तुला काही मिळणार नाही, हे भावाला सांगण्यासाठी तो होता, आणि राजाला पुढे मुले झाल्यामुळे तो निकामी ठरला. अत्तालोसचे मृत्युपत्रही त्याच जातीचे असावे असे माझे मत आहे. गादीवर हक्क सांगू शकणारा एक माणूस घराण्यात होता. तो पुढे लगेच प्रकट झालाच. त्याला रोखण्यासाठी रोमचे नाव हे सर्वांत स्वस्त हत्यार होते. फरक इतकाच की ढाल उचलणारा अवचित मेला आणि ढालच दस्तऐवज होऊन बसली.

नगराचा ठराव

मृत्युपत्राची बातमी समुद्रापलीकडे पोचून उत्तर येईपर्यंत पर्गमोन नगर थांबले नाही. त्या दिवसांतला नगरसभेचा ठराव शिलालेखाच्या रूपाने आज उपलब्ध आहे आणि या प्रकरणातला तो सर्वांत महत्त्वाचा पुरावा आहे. ठरावाची सुरुवातच अशी आहे की, राजा अत्तालोस माणसांतून निघून जाताना आपले नगर स्वतंत्र ठेवून गेला आहे, त्याने ठरवलेला मुलूख नगराला जोडून दिला आहे, आणि मृत्युपत्राला रोमनांकडून मान्यता मिळायची आहे. म्हणजे नगराच्या वाचनात पहिला लाभार्थी नगर स्वतः आहे; रोमचे काम शिक्का मारण्याचे आहे.

त्यापुढे ‘सर्वांच्या सुरक्षिततेसाठी’ म्हणून जे केले आहे ते घाई उघड करते. नगरात नोंदलेल्या परक्या रहिवाशांना नागरिकत्व. किल्ल्यावर आणि गावांत वसलेल्या मॅसिडोनियन व मिसियन सैनिकांना नागरिकत्व. मुक्त केलेल्या गुलामांच्या वंशजांना आणि राजाच्या मालकीच्या गुलामांना परक्या रहिवाशांचा दर्जा. मात्र शेवटच्या दोन राजांच्या काळात विकत घेतलेले गुलाम, तसेच खासगी मालमत्ता जप्त करताना राजाकडे आलेले गुलाम वगळले आहेत. जो नगर सोडून गेला असेल किंवा यापुढे जाईल त्याचे हक्क जातील आणि मालमत्ता नगराकडे जमा होईल, असेही शेवटी बजावले आहे.

गुलामांबाबतचा अपवाद जरा थांबून वाचण्यासारखा आहे. ज्यांचा जुना मालक उद्या उगवून दावा सांगू शकतो, किंवा ज्यांच्या खरेदीची नोंद अजून ताजी आहे, त्यांना सोडून बाकीच्यांना वर चढवायचे, हे काम हिशेबी माणसाचे आहे. आणि लोक नगर सोडून जात होते, ते कोठे जात होते? उत्तर किनाऱ्यावर होते.

अरिस्तोनिकोस

अरिस्तोनिकोस हा दुसऱ्या युमेनीसचा मुलगा असल्याचे सांगत असे. त्याची आई इफेससच्या एका वीणावादकाची मुलगी होती. म्हणजे औरस वारस तो नव्हता. पण ज्या घराण्याचा मूळ पुरुष नपुंसक खजिनदार होता, त्या घराण्यात रक्ताच्या शुद्धतेचा आग्रह धरणे थोडे विनोदीच ठरले असते. स्मिर्ना आणि फोकाएआ यांच्यामधले लेउकाए हे लहानसे बंदर त्याने प्रथम उठवले. इफेससच्या आरमाराने त्याला किमेजवळ हरवले तेव्हा तो आतल्या प्रदेशात गेला, गरिबांना आणि गुलामांना स्वातंत्र्याचे वचन देऊन त्याने फौज उभी केली आणि तिला ‘हेलिओपोलिताए’, सूर्यनगरीचे नागरिक, असे नाव दिले.

या नावावरून त्याला समाजक्रांतिकारक ठरवण्याचा मोह अनेकांना झाला आहे. रोममध्ये जमीनवाटपाचा पुढारी टायबेरियस ग्रॅकस मारला गेल्यावर (त्याची हकिकत पुढे येते) त्याचा मित्र, स्तोइक तत्त्वज्ञ ब्लोसियस, अरिस्तोनिकोसकडे पळून आला, त्यामुळे तो मोह आणखी वाढतो. पण त्याची नाणी वेगळे सांगतात. थिआतेइरा, अपोलोनिस आणि काइकोसकाठचे स्त्रातोनिकेइआ या आतल्या गावांतून त्याने घराण्याच्याच नमुन्याची नाणी पाडली, त्यांवर ‘राजा युमेनीस’ याची आद्याक्षरे आणि राज्यवर्ष घातले. वर्ष चारपर्यंतची नाणी सापडतात. नवी सूर्यनगरी वसवायला निघालेला माणूस गादीवर बसल्यापासूनची वर्षे मोजत नाही. त्याच्या मते तो तिसरा युमेनीस होता आणि मृत्युपत्र ही एक अडचण होती.

त्याला हरवायला रोमला अपेक्षेपेक्षा जास्त मोल द्यावे लागले. इ.स.पू. १३१ चा कॉन्सल, म्हणजे वर्षभरासाठी निवडलेला सर्वोच्च अधिकारी, लिसिनियस क्रासस, जो रोमचा प्रमुख धर्माधिकारीही होता, पुढच्या वर्षी लेउकाएजवळ पकडला गेला; जिवंत राहून विटंबना सोसण्यापेक्षा त्याने घोड्याच्या छडीने पहारेकऱ्याचा डोळा फोडून स्वतःवर तलवार ओढवून घेतली. त्याच्यानंतरच्या पर्पेर्नाने अरिस्तोनिकोसला स्त्रातोनिकेइआत कोंडून उपाशी मारत शरण आणले आणि राजाचा खजिना जहाजांवर चढवून रोमला रवाना केला. अरिस्तोनिकोस रोमच्या तुरुंगात गळा आवळून मारला गेला. उरलेला प्रतिकार मोडण्यासाठी आलेल्या मानियस अक्विलियसने काही गावांच्या झऱ्यांत विष घातले, असे एका रोमन लेखकानेच निषेधाच्या सुरात नोंदले आहे. विषाच्या बागेबद्दल राजाला नावे ठेवणाऱ्या परंपरेत ही नोंद शेजारीच सापडावी, हे विशेष.

रोममध्ये काय झाले

मृत्युपत्र रोमला घेऊन गेला तो पर्गमोनचा युदेमोस. वर्ष तेच, ट्रिब्यून, म्हणजे जनतेचा निवडलेला प्रतिनिधी, टायबेरियस ग्रॅकस ज्या वर्षी जमीनवाटपाचा कायदा रेटत होता. त्याने तत्काळ जाहीर केले की वारस जनता आहे, तेव्हा राजाचा पैसा जनतेचा; तो नव्याने जमीन मिळालेल्या शेतकऱ्यांना अवजारे आणि बी-बियाणे घेण्यासाठी वाटावा, आणि त्या राज्यातल्या नगरांचे काय करायचे हेही सिनेटने ठरवू नये. परराष्ट्राचे आणि तिजोरीचे निर्णय ही सिनेटची मिरास होती. सभेत एका सदस्याने उठून सांगितले की तो ग्रॅकसचा शेजारी आहे आणि युदेमोसने ग्रॅकसला राजमुकुट आणि जांभळा झगा दिल्याचे त्याला ठाऊक आहे. त्याच वर्षी सिनेटरांनी ग्रॅकसला सुमारे ३०० समर्थकांसह मारले. याची सगळी कारणे पर्गमोनमध्ये शोधणे चूक ठरेल, पण आगीत तेल तिथून आले.

सिनेटचा स्वतःचा निर्णय सावध होता. अत्तालोसच्या मृत्यूच्या एक दिवस आधीपर्यंत राजांनी जे ठरवले, दिले, माफ केले किंवा दंड म्हणून बसवले ते सर्व कायम राहील आणि तिकडे जाणाऱ्या सेनापतींनी त्यात हात घालू नये, असा तो ठराव आहे. ‘एक दिवस आधीपर्यंत’ या शब्दांत कायद्याचा कावा आहे: राजाने हयातीत केलेले सर्व मान्य, पण मृत्यूच्या दिवसापासून काय मान्य करायचे हे आम्ही ठरवू.

ठरवलेही तसेच. मुलूख रोमने स्वतःजवळ पुरता ठेवला नाही. लिकाओनिया युद्धात मदत करताना मेलेल्या कॅपाडोशियाच्या राजाच्या मुलांना गेला, आणि फ्रिजिया काळ्या समुद्राकाठच्या पाँटसच्या राजाला, ज्याबद्दल अक्विलियसवर लाच खाल्ल्याचा आरोप झाला. अक्विलियसने बांधलेल्या रस्त्यांचे मैलाचे दगड अजून सापडतात, त्यांवर त्याचे नाव आहे. रस्ते बहुधा जुनेच, नाव नवे.

वसुलीचा मक्ता

वारशाचा खरा अर्थ दहा वर्षांनी लागला. इ.स.पू. १२३ मध्ये टायबेरियसचा भाऊ गायस ग्रॅकस याने कायदा करून ‘आशिया’ या नव्या प्रांताच्या दशमांशाची वसुली मक्त्याने द्यायची पद्धत आणली आणि तिचा लिलाव प्रांतात नव्हे तर रोममध्ये होईल असे ठरवले. रोममध्ये बोली म्हणजे बोली लावणारे रोममधले भांडवलदार. मक्तेदार पेढ्या रक्कम सरकारला आधी कबूल करत आणि वरचा नफा प्रांतातून काढत. ज्यांना भरता येत नसे त्यांना कर्ज देणारेही त्यांचेच भाईबंद असत. राजेही कर घेत होते, आणि हलका घेत होते असे समजण्याचे कारण नाही. परंतु राजाचा कर खोऱ्यातच देवळांवर, बाजारांवर, शिपायांच्या पगारावर खर्च होई, आणि पीक बुडाले तर दाद मागायला राजवाडा डोंगरावर दिसत असे.

याची किंमत इ.स.पू. ८८ मध्ये चुकती झाली. पाँटसच्या सहाव्या मिथ्रिदातीसच्या हुकुमावरून आशियातल्या नगरांनी एकाच दिवशी आपल्यातल्या रोमन आणि इटालियन लोकांची कत्तल केली. प्राचीन लेखक ८०,००० हा आकडा देतात, काही त्याहून मोठा. पर्गमोनमध्ये अस्क्लेपिओसच्या देवळात मूर्तींना मिठी मारून बसलेल्यांना बाणांनी टिपले गेले. त्याच नगरात पकडून आणलेल्या एका रोमन सेनापतीच्या घशात वितळलेले सोने ओतून त्याचा लोभ ‘भागवण्यात’ आला. त्याचे नावही मानियस अक्विलियस होते. प्रांत बसवणाऱ्याच घरातला तो. नंतर रोमन सेनापती सुल्लाने प्रांतावर २०,००० टॅलेंटचा दंड बसवला आणि व्याजावर व्याज चढून तो १,२०,००० वर गेल्याचे प्लुटार्क सांगतो. फिलेतैरोसच्या ताब्यात ठेवलेल्या मूळ खजिन्याच्या हा तेरापट होतो.

उरले ते

अत्तालीदांचा वारसा म्हटले की बर्लिनमध्ये नेलेली पर्गमोनची महावेदी, ग्रंथालय किंवा दुसऱ्या अत्तालोसने अथेन्सला दिलेली आणि १९५० च्या दशकात पुन्हा बांधलेली लांबलचक स्तंभशाला यांचा उल्लेख होतो. तो योग्यच आहे. पण या गोष्टी राजांनी हयातीत दिल्या किंवा मागे टाकल्या. मृत्युपत्राने जे हस्तांतरित झाले ते कमी देखणे आहे. राजाच्या चीजवस्तूंचा रोममध्ये लिलाव झाला तेव्हापासून रोमनांना परदेशी चैनीची चटक लागली, असे रोमन लेखक प्लिनीला वाटत असे, आणि जरीच्या कापडाला लॅटिनमध्ये ‘अत्तालिक’ म्हणू लागले. टोपलीतून निघणारा साप असलेले, राज्याबाहेर न चालणारे सुमारे साडेबारा ग्रॅमचे चांदीचे नाणे रोमन अधिकाऱ्यांनी बंद केले नाही. सम्राट हेड्रियनच्या काळापर्यंत त्या जातीची नाणी निघत राहिली.

इफेससमध्ये १९७६ साली जकातीच्या नियमांचा एक मोठा शिलालेख सापडला. तो इ.स. ६२ मधला, सम्राट नीरोच्या काळातला. आशिया प्रांताच्या मक्तेदारांना कोणत्या मालावर किती जकात घेता येईल, बोट कोठे नोंदवायची, चौकी कोठे असावी याची कलमे त्यात आहेत, आणि त्यांतली बरीच कलमे शंभराहून अधिक वर्षे जुनी, जशीच्या तशी पुढे नकलून आलेली आहेत. चौक्यांच्या कलमात अत्तालोस राजाचे नाव येते: जकातीसाठी त्याच्या ताब्यात ज्या इमारती आणि नाकी होती, तीच मक्तेदाराने वापरावीत.